रेंज नसलेल्या शेतातून सर्व्हरपर्यंत: मोबाइलवरची नोंद पोहोचते कशी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. आजचा प्रश्न साधा आहे. जिथे रेंजच नाही तिथे मोबाइलमध्ये भरलेली माहिती सर्व्हरपर्यंत जाते कशी, आणि वाटेत ती अडकते कुठे?

उदाहरण ओळखीचं घेऊ, ई-पीक पाहणीचं. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांची जोडी. जमीन कोणाची हे ७ सांगतो, तिच्यात पीक काय हे १२ सांगतो. हे पीक पूर्वी तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर असं ठरलं की शेतकऱ्यानेच शेतात उभं राहून, फोटो काढून, मोबाइल ॲपमधून ते नोंदवायचं. ही नोंद नसेल तर नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाने विक्री अशा सगळ्या ठिकाणी अडचण येते. म्हणजे इथे एक नोंद हरवली तर कुणाच्या तरी अख्ख्या हंगामाचा प्रश्न असतो, बरं का.

आता आत काय चालतं ते पाहू. हे सगळं एकाच ॲपबद्दल नाही. शेतात, पाड्यावर, अंगणवाडीत वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही ॲपला हे लागू होतं.

इंटरनेट नाही, मग जीपीएस कसं चालतं?

अनेकांना वाटतं, डेटा बंद म्हणजे लोकेशन बंद. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. फोन फक्त ऐकतो, परत काही पाठवत नाही. चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा कळते. पण उपग्रह नेमके कुठे आहेत ही माहितीही लागते. नेटवर्क असेल तर फोन ती इंटरनेटवरून झटकन घेतो. नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि त्याला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. म्हणून डोंगराळ भागात ॲप 'लोकेशन शोधत आहे' म्हणत बसतं. फोन बिघडलेला नसतो. उघड्यावर थोडं थांबायचं, एवढाच उपाय.

आणि अचूकता? मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटर. झाडाखाली किंवा दरीत त्याहून वाईट. एक गुंठा म्हणजे साधारण १० मीटर बाय १० मीटर. तर दोन-चार गुंठ्यांच्या पट्टीत बांधाजवळ उभं राहिलात, तर फोन तुम्हाला शेजाऱ्याच्या गटात दाखवू शकतो. त्यामुळे अशा ॲपने नुसता बिंदू साठवून चालत नाही. त्या क्षणी चूक किती मीटरची असू शकते, तो आकडाही साठवावा लागतो.

'सेव्ह झालं' आणि 'पोहोचलं' यात फरक आहे

रेंज नसताना नोंद आधी फोनमध्येच लिहिली जाते आणि रांगेत उभी राहते. रेंज आली की रांग पुढे सरकते. आता गंमत बघा. फोनने नोंद पाठवली, सर्व्हरने ती घेतली, पण 'मिळाली' हा निरोप परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं पोहोचलीच नाही, तो पुन्हा पाठवतो. झाल्या दोन नोंदी!

उपाय असा की नोंद तयार होतानाच फोनने तिला एक लांबलचक, एकमेव ओळख क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर म्हणतो, 'ही माझ्याकडे आहे,' आणि नुसती पोच देतो. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं ओडीके हे मुक्त सॉफ्टवेअर याच पद्धतीने चालतं. आधी फोनमध्ये साठवा, प्रत्येक फॉर्मला स्वतःचा क्रमांक द्या, जमेल तेव्हा पाठवा.

वापरणाऱ्याला मात्र स्क्रीनवर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या पाहिजेत: 'फोनमध्ये आहे' आणि 'सर्व्हरवर पोहोचली'. दोन्हींसाठी एकच हिरवी खूण दाखवली, की माणूस निश्चिंत होऊन फोन फॉरमॅट करतो आणि नोंद कायमची जाते.

तारीख कुठली धरायची?

समजा मुदतीच्या शेवटच्या दिवशी शेतात नोंद केली, आणि रेंज दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गावी मिळाली. नोंद वेळेत की उशिरा? फोनचं घड्याळ कुणीही मागे करू शकतं, म्हणून फक्त त्यावर भरवसा नको. फक्त सर्व्हरची वेळ धरली तर रेंज नसलेल्या गावाला शिक्षा. म्हणून दोन्ही वेळा साठवाव्यात. शिवाय जीपीएसच्या संदेशात वेळही असते, तीही जोडावी. नियम काय असावा हे शासन ठरवेल, पण वेळ साठवलीच नाही तर ठरवायलाही काही उरत नाही.

फोन कुणाच्या हातात आहे?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन हँग होतात, मेमरी पुरत नाही, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ऑफिसातल्या नव्या फोनवर ॲप सुरेख पळतं, हे काही प्रमाण नव्हे. फोटो पाठवण्याआधी लहान केला का? फॉर्म अर्धा राहिला आणि फोन बंद पडला, तर पुन्हा तिथूनच सुरू होतो का? पिकाचं नाव टाइप करायला न लावता यादीतून निवडता येतं का? सोयाबीनमध्ये तूर असेल तर दोन्ही लिहिता येतात का?

तुमच्या संस्थेत असं ॲप येणार असेल तर एक परीक्षा घ्या. सगळ्यात जुना फोन घ्या, एअरप्लेन मोडवर टाका. दोन नोंदी फोटोसकट भरा. फोन बंद करून चालू करा. मग नेट सुरू करा आणि पाठवणं अर्ध्यात असताना पुन्हा बंद करा. शेवटी नेट चालू ठेवून सर्व्हरवर बरोब्बर दोनच नोंदी दिसल्या, ना एक कमी ना एक जास्त, तर ते ॲप शेतात न्यायला हरकत नाही.

तुमच्या भागातले अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!