जठराला घाई चालत नाही

मगरीबची अजान होते. दस्तरखानावर खजूर, पाणी, कलिंगडाच्या फोडी, भजी, समोसे मांडलेले असतात. सहरीनंतर 13-14 तास अन्नपाण्याविना राहिलेला रोजेदार खजूर तोंडात टाकतो, पाण्याचा घोट घेतो. पुढचे काम जठराचे.

रिकामे जठर आक्रसून लहान होते, पण झोपलेले नसते. साधारण दर दीड-दोन तासांनी त्यातून आकुंचनाची एक लाट निघते आणि उरलेसुरले कण आतड्याकडे ढकलते. दुपारी पोटात होणारी गुडगुड बरीचशी या साफसफाईचीच असते.

अन्नाच्या नुसत्या वासानेही जठररस पाझरू लागतो. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल अनेक जंतू मारते, तर पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करते. एवढ्या तीव्र आम्लापासून जठराला वाचवतो तो आतल्या भिंतीवरचा चिकट थर. जठर अन्न घुसळून त्याची पेज करते आणि ती थोडी थोडी लहान आतड्यात सोडते. अन्नरस मुख्यतः तिथेच शोषला जातो.

प्रत्येक पदार्थाचा वेग वेगळा. पाणी काही मिनिटांतच पुढे सरकू लागते. खजुरातली साखर लवकर रक्तात पोहोचते, म्हणून ग्लानी उतरते. तळलेल्या पदार्थांचे तसे नाही. तेल आतड्यात पोहोचताच आतडे जठराला ‘जरा थांब’ असा संदेश पाठवते. त्यामुळे भजी-समोशांचे जड जेवण तासन् तास पोटात राहते.

पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला साधारण 20 मिनिटे लागतात. दहा मिनिटांत ताट संपवणाऱ्याला ती होईपर्यंत जठर तुडुंब भरलेले असते. मग तरावीहमध्ये वाकताना किंवा जेवून लगेच आडवे होताना आम्ल अन्ननलिकेत चढते आणि छातीत जळजळ होते. दोष मात्र रोज्यावर येतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण इफ्तारच्या ताटालाही लागू पडते.

खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरीबची नमाज अदा करायची आणि मग जेवायला बसायचे, अशी अनेक घरांतली रीत आहे. मधली ही थोडी मिनिटे जठराला हवीच असतात. मधुमेह किंवा अल्सर असलेल्यांनी मात्र रोज्याबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही पैगंबर साहेबांची शिकवण. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ दोन भाग अन्नाला, एक पाण्याला देऊन चौथा वायूसाठी मोकळा ठेवायला सांगते. वाटणी थोडी वेगळी, पण पोटात थोडी जागा राखावी हे दोन्हीकडे सारखेच. इफ्तारच्या ताटाकडे हात जाताना एवढे आठवले तरी पुरे.