आजीच्या हंड्यावर पणजीचं नाव का असतं? महायुद्धाच्या टंचाईतली घरातली देवाणघेवाण

घरात एखादा जुना तांब्याचा हंडा असेल, तर त्याच्या काठाजवळ कोरलेलं नाव वाचा. बऱ्याचदा ते आजीचं नसतं, तिच्या आईचं किंवा सासूचं असतं. भांडी, लुगडी आणि गोधड्या अशा घरातल्या घरात फिरायच्या. दुसऱ्या महायुद्धात तर ही नुसती रीत राहिली नाही, गरज झाली.

युद्ध दूर होतं, मग टंचाई इथे कशी?

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हातात गेलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. धातूची इतकी ओढाताण होती की सरकारने १९४३ पासून मधे भोक असलेला तांब्याचा पैसा काढला.

कापडाचंही तेच झालं. गिरण्यांचा बराच माल लष्कराकडे जाऊ लागला आणि परदेशी कापडाची आवक आटली. भाव इतके चढले की १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रण आणावं लागलं. कापडावर किंमत छापणं बंधनकारक झालं.

सोलापूर म्हणजे गिरण्यांचं शहर. पण गिरणी जिल्ह्यात आहे म्हणून कापड परवडेलच असं नव्हतं.

एका लुगड्याचे किती जन्म?

अक्कलकोट तालुक्यातलं मैंदर्गी कर्नाटकच्या सीमेजवळ आहे. या पट्ट्यात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते आणि गोधडीला कन्नडमध्ये कौदी म्हणतात. जुन्या कापडाचा शेवटचा मुक्काम हीच कौदी.

त्याआधी आईचं नऊवारी विरलं की त्यातला धड भाग काढून मुलीचं परकर-पोलकं शिवायचं. ते आखूड झालं की धाकटीला. त्यातून उरलेल्याचं बाळाचं दुपटं आणि सगळ्यात शेवटी गोधडीचे थर.

भांड्यांचं गणित वेगळं. तांब्या-पितळेचं भांडं कल्हई करून पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि अडचणीत मोडीत घालून पैसेही मिळतात. म्हणून लेकीला आंदण देताना नवं घेणं जमलं नाही, तर घरातलंच दिलं जायचं. नाव कोरलं की एकत्र कुटुंबात भांडं कोणाचं, हा वाद उरत नसे.

याला फक्त प्रेम म्हणायचं का?

पूर्ण नाही. त्या काळी एकत्र हिंदू कुटुंबाच्या जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मतः वाटा नव्हता. महाराष्ट्रात तो हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि देशभर २००५ मध्ये. तोपर्यंत अनेक मुलींच्या वाट्याला माहेरचं जे आलं, ते हंडा, कळशी आणि लुगडी एवढंच. ते नाव म्हणजे तिच्या मालकीचा जवळजवळ एकमेव लेखी पुरावा होता.

१९४३ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढे आहे. तुमच्या घरात अशी कोणी असेल, तर भांडं मोडीत देण्याआधी एकदा विचारा: हे कोणाचं, आणि आपल्याकडे कसं आलं?