खिशाकडे जाणारा हात

आपल्याकडे दोन अनोळखी माणसं एसटी स्टँडवर भेटली की नाव-गाव मागाहून निघतं. आधी निघतो खर्रा. "हाय का गा?" एवढं पुरतं. सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घोटलेली ही पुडी ब्रह्मपुरीपासून थेट अहेरीपर्यंत सोयरिकीसारखी चालते. नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं, म्हणून कितीतरी जण निव्वळ सभ्यपणाने खर्रा खातात!

तो सोडा, असं आम्ही आज सांगणार नाही. ते काम घरची मंडळी करतातच. आम्ही फक्त एक खेळ सांगतो.

सकाळी डाव्या खिशात मूठभर तुरीचे दाणे घ्या. दर खर्र्याला एक दाणा उजव्या खिशात टाका. बायांनी पदराला गाठ मारावी. रोवणीच्या बांधीत त्यांच्याही कमरेला पुडी असते, चारचौघांत आपण बोलत नाही एवढंच. रात्री दाणे मोजा. आकडा कुणाला सांगू नका, आम्हालाही नको. दिवसाला चार निघाले आणि पुडी वीस रुपयांची धरली, तर महिन्याचे २,४०० रुपये होतात.

दुसऱ्या दिवसापासून दाणा टाकताना विचारा, आत्ता काय झालं होतं? तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे जंगलात शिरताना पोट रिकामं असतं, खर्रा भूक मारतो. मुकादम बोलला, हात खिशात. सासू बोलली, हात बटव्यात. काही दाणे मात्र बिनकारणाचे निघतील. हात आपोआप गेला, तोंड भरल्यावर मनाला कळलं. ते दाणे वेगळे ठेवा. कमी करायचं ठरलं तर सुरुवात त्यांच्यापासून करणं सोपं.

सतिपट्ठान सुत्तात चालण्या-बसण्याबरोबर खाणं, पिणं, चघळणंही भान ठेवून करायला सांगितलं आहे. चघळणंसुद्धा! जणू तथागतांनी आपला पानठेला पाहिला होता.

आपल्या विहारातच बघा. वंदनेआधी मंडळी बाहेर जाऊन थुंकतात, चूळ भरतात, मग त्रिशरण-पंचशील. पुढचा तासभर तोंड रिकामं, आणि कुणी चक्कर येऊन पडत नाही. तलफ येते तशी जाते, बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत. तेवढ्यात पाणी प्या, फुटाणे खा, नाहीतर ती जबड्यात जाणवते की छातीत, ते पाहत बसा. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता थोडं गंभीर. तोंड पूर्ण उघडा. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? जात नसतील, साधं वरणही झोंबत असेल, पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा, रोवणी संपायची वाट पाहू नका. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीने, आणि तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोग करते. तेव्हा "मी तर साधी सुपारीच खातो" म्हणणाऱ्यांनीही बोटं घालून पाहावीत.

सोडायचं मनात आलं तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'ची माणसं दारू-तंबाखूवर काम करतात, त्यांनाही विचारता येईल.

आणि आठवड्याचे दाणे फेकू नका. धुऊन, भिजवून घुगऱ्या करा.