आईकडून जनुक, कढईतून तेल

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या माणसाला आनुवंशिकता नव्याने शिकवावी लागत नाही. ते काम सिकलसेलने केव्हाच केलं आहे. आश्रमशाळेत रक्त तपासतात, कार्ड मिळतं, लग्न जुळवताना ‘वाहक तर नाही ना’ अशी चौकशी होते. आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के, हे गणित गावातल्या आशाताईंना तोंडपाठ असतं. घोटाळा होतो तो पुढे. हेच गणित लोक वजनालाही लावतात. ‘आई जाड, मावशी जाड, आमच्या घरातच आहे ते,’ असं म्हणून चाळिशीतला माणूस दुसरा आलुबोंडा उचलतो.

सिकलसेल एकाच जनुकातल्या एका बदलामुळे होतो. जेवणात काहीही घेतलं तरी तो बदल पुसला जात नाही. वजनाचं तसं नाही. अगदी मोजक्या माणसांत एखाद्या जनुकातला दोष एकट्याने लठ्ठपणा आणतो. बाकीच्यांच्या वजनात शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. त्यांतलं सर्वांत गाजलेलं जनुक ‘एफटीओ’, 2007 साली समोर आलं. त्याचं वजनवाढीकडे झुकणारं रूप आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या युरोपीय प्रौढांचं वजन, ते अजिबात न मिळालेल्यांपेक्षा सरासरी 3 किलोंनी जास्त भरलं. तीनच किलो. तिशीनंतर अंगावर चढलेल्या पंधरा किलोंचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर टाकता येत नाही. शिवाय या जनुकाचा जोर मुख्यतः भुकेवर चालतो. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि हात ताटाकडे पुन्हा जातो. म्हणजे त्याला काम करायला ताट लागतंच.

याच्या अगदी उलट बोलणारेही भेटतात. ‘जनुक-बिनुक काही नाही, तोंडावर ताबा नाही एवढंच.’ हे जास्त निर्दयी, आणि तितकंच चूक. कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या 12 जोड्यांना शंभर दिवसांपैकी 84 दिवस रोज 1000 कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. 1990 साली निकाल छापून आला. जास्तीचं खाणं सगळ्यांना सारखं, पण कुणाचं वजन 4 किलोंच्या आसपास वाढलं, तर कुणाचं 13 किलोंनी. जोडीतल्या दोन भावांची वाढ मात्र एकमेकांशी बरीच जुळत होती. एकाच पंगतीत जेवून एक सुकट राहतो आणि दुसरा फुगतो, यात दुसऱ्याचा हावरटपणाच असतो असं नाही.

आता कढईकडे येऊ. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या मोठ्या पाहण्यांवरून 2014 साली एक अभ्यास निघाला. त्यात लठ्ठपणाशी जोडलेल्या 32 जनुकबदलांची बेरीज करून माणसांचे गट पाडले होते. आठवड्यातून चारदा किंवा जास्त वेळा तळलेलं खाणाऱ्या आणि एकदापेक्षा कमी वेळा खाणाऱ्या बायकांच्या बीएमआयमध्ये (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यात), जनुकीय धोका जास्त असलेल्या गटात 1 चा फरक दिसला. धोका कमी असलेल्या गटात तो 0.5 होता. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईसाठी 1 बीएमआय म्हणजे अडीच किलो. तळणाचा संबंध दोन्ही गटांत होता, फक्त एकात दुप्पट. ‘आमच्या घरात कुणी जाड नाही, आम्हाला तळलेलं चालतं’ म्हणणाऱ्यांनी तो 0.5 विसरू नये.

तेलाचा प्रकारही मध्ये येतो. ‘एपीओए2’ या जनुकाचं एक विशिष्ट रूप दोन्हीकडून मिळालेल्यांमध्ये, संपृक्त स्निग्धांश दिवसाला 22 ग्रॅमच्या वर गेला की बीएमआय इतरांपेक्षा जास्त आढळला. त्या मर्यादेखाली फरक दिसत नव्हता. अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या लोकसमूहांत हेच आढळल्याचं 2009 साली प्रसिद्ध झालं.

इथे जंगलपट्ट्यातला एक लाडका समज अडचणीत येतो: जंगलातलं, घाण्यावरचं तेल अंगाला लागत नाही. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल थंडीत थिजतं ते उगाच नाही. त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग संपृक्त असतो. पामतेलाचंही तेच. धानाच्या बांधीत घेतल्या जाणाऱ्या जवसाचं तेल गुणाने वेगळं, त्यात अर्ध्याहून अधिक ओमेगा-3 असतं. पण कॅलरी मोजायला बसलं की तिन्ही एका रांगेत: ग्रॅमला 9. जवसाचं तेल वडाभातावर सढळ हाताने ओतलं तरी ते 9 चं 8 होत नाही.

मग आजी टोळीच्या तेलावर जगून काटक कशी राहिली? टोळ वेचा, वाळवा, फोडा, घाण्यावर न्या, तेव्हा कुठे बाटलीभर तेल. ते पुरवून वापरलं जायचं. शिवाय मोहफुलं, तेंदूपत्ता, रोवणी यांत दिवस जायचा. आज पामतेलाचं पाकीट दुकानात मिळतं. 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर एक लिटर पामतेल होतं, सगळं मिळून 100 रुपयांत. घरातली जनुकं मात्र आजीचीच आहेत.

आदिवासींच्या अंगाला जाडी येतच नाही, हाही असाच भ्रम. पिमा जमातीचे लोक अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आणि मेक्सिकोच्या डोंगरात राहतात. पूर्वज एकच. 1994 सालच्या अभ्यासात हाताने शेती करणाऱ्या मेक्सिकोतल्या पिमांचं सरासरी वजन 64 किलो भरलं, अ‍ॅरिझोनातल्यांचं 90.

आणि वजनकाटा शांत आहे म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांहून हलकी जन्मतात, पण कातडीखालची चरबी बऱ्यापैकी राखून येतात. याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या 2009 सालच्या अभ्यासात एफटीओचा मधुमेहाशी संबंध दिसला, आणि तो केवळ वाढलेल्या वजनातून समजावता येत नव्हता. आपल्याकडे 23 च्या पुढचा बीएमआय जास्तच धरतात, ते कमी वजनातही असणाऱ्या अशा धोक्यामुळे. पोटाचा घेर मोजणं त्याहून उपयोगी.

शहरी पाहुण्यांकडून आता लाळेची चाचणीही ऐकू येते: जनुकं तपासा आणि आपल्याला मानवणारा आहार घ्या. स्टॅनफर्डमध्ये 609 प्रौढांवर वर्षभर ही कल्पना घासून पाहिली गेली. 2018 साली निकाल आला. कमी स्निग्धांश खाणाऱ्यांचं वजन सरासरी 5.3 किलोंनी घटलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं 6 किलोंनी. कुणाला कोणता आहार लागू पडेल, हे जनुकांवरून ओळखता आलं नाही. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या 2011 सालच्या पाहणीतली गोष्ट त्यापेक्षा कामाची: अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये एफटीओमुळे येणारा लठ्ठपणाचा जास्तीचा धोका 27 टक्क्यांनी कमी होता.

चाचणीचे पैसे वाचवून घरातला तेलाचा कॅन तपासावा. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटर संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींच्या ताटात तेला-तुपाला 27 ग्रॅम जागा दिली आहे. चौकातल्या आलुबोंड्याचं आणि तर्रीपोह्याचं तेल या 38 मध्ये धरलेलं नाही.