फिरत्या फेझरची खिडकी

वीजजाळ्यातील दाबाचा आयाम, म्हणजे तरंगाची कमाल उंची, त्याची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाची आवर्तने, आणि त्याची कला, म्हणजे आवर्तनातील त्या क्षणाचे स्थान, या तिन्हींचे मापन उपग्रहांच्या घड्याळाशी जुळवून करणारे फेझर मापन यंत्र १९८८ च्या सुमारास व्हर्जिनिया टेक विद्यापीठात घडले. त्याचे श्रेय खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले अरुण फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांना दिले जाते.

या यंत्राचे मर्म त्याच्या नमुन्यांच्या खिडकीत आहे. ६० हर्ट्झच्या एका आवर्तनात समान अंतराने बारा नमुने घेतले आणि फूरिये रूपांतराने त्यांचा मेळ घातला, की लांबी आयामाची व कोन कलेचा असा एक बाण मिळतो, तोच फेझर. तरंग नेमका ६० हर्ट्झचा असेल तर बाण स्थिर राहतो, ६०.१ झाला तर सेकंदाला ३६ अंश फिरतो, आणि त्या फिरण्याच्या वेगावरूनच वारंवारता काढली जाते. मात्र आवर्तनाची लांबी बदलली तरी खिडकीची बदलत नसल्यामुळे उरलेला तुकडा हिशेबात झिरपतो आणि बाणाच्या लांबीत व कोनात दुप्पट वारंवारतेची थरथर उमटते. तिन्ही फेजांचे, म्हणजे वाहिनीच्या तीन तारांतील तरंगांचे, बाण १२०-१२० अंश वळवून त्यांची सरासरी घेतली, की समतोल जाळ्यात ही थरथर परस्परांना छेदून नाहीशी होते. एवढ्या साध्या बेरजेतून एवढी शुद्धता साधावी, ही या रचनेतील सर्वांत देखणी गोष्ट होय.

परंतु हे सारे गणित तरंग साइन वक्राचा आहे असे गृहीत धरते आणि तो तसा नसला तरी आकडा दिल्याशिवाय राहत नाही. वाहिनीवर लघुपरिपथासारखा दोष उद्भवताच कलेत अचानक उडी पडते आणि वारंवारता काढणारे गणित, ते फेझर यंत्रातील असो वा अन्य उपकरणातील, त्या उडीलाच वेग समजते. १६ ऑगस्ट २०१६ रोजी कॅलिफोर्नियातील ब्लू कट वणव्यामुळे वाहिन्यांवर दोष आले, तेव्हा सुमारे १,२०० मेगावॉट सौर निर्मिती खंडित झाली. तिचा मोठा भाग सौर वीज जाळ्यास जोडणाऱ्या इन्व्हर्टरांनी विकृत तरंगातून वारंवारता ५७ हर्ट्झखाली गेल्याचा निष्कर्ष काढल्याने गेला, प्रत्यक्षात जाळ्याची वारंवारता तेथवर उतरलीच नव्हती. खिडकी लांबवली तर अशी फसगत कमी होते, पण उत्तर उशिरा येते, आणि संरक्षणासाठी ते उशिरा येऊन चालत नाही. म्हणूनच २०११ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने यंत्रांचे शीघ्र संरक्षणासाठी एक व अचूक मापनासाठी दुसरा असे दोन वर्ग केले. सौर व पवन निर्मितीच्या वाढीबरोबर फिरत्या जनित्रांचे जडत्व घटत आहे, त्यामुळे वारंवारता अधिक वेगाने ढळते आणि या दोन वर्गांमधील निवड दरवर्षी अधिक अवघड होत चालली आहे.