खेळाडूची रात्र आणि संघाचा अधिकार
व्यक्ती आणि संघ : लेखांक सहावा

व्यावसायिक खेळाडूच्या करारनाम्यात, आपले शरीर उत्तम स्थितीत राखण्याची व वर्तन सभ्य ठेवण्याची हमी त्याच्याकडून कशी लिहून घेतली जाते, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. त्या हमीतूनच आजचा प्रश्न उद्भवतो. सामना संपल्यावर खेळाडू आपली रात्र कोठे आणि कशी घालवतो, याची चौकशी करण्याचा अधिकार संघाला आहे काय? अमेरिकेतील न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या इतिहासात या प्रश्नाचा फैसला दोनदा, आणि परस्परांहून अगदी भिन्न रीतीने झाला. म्हणून त्याच एका संघाच्या आधाराने तो उलगडून पाहणे मला श्रेयस्कर वाटते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेसबॉलचा हंगाम एप्रिलपासून सप्टेंबरअखेर चाले, आणि त्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला १५४ सामने येत. विजेच्या प्रकाशात खेळण्याची प्रथा सुरू होण्यापूर्वी हे सामने दुपारीच होत असल्यामुळे, गावोगाव आगगाडीने फिरणाऱ्या, हातात पैसा असलेल्या आणि घरापासून दूर हॉटेलात उतरणाऱ्या तरुण खेळाडूंना संध्याकाळपासून पुढचा सारा वेळ मोकळा असे. बेब रूथ हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ फलंदाज, आणि त्याच्या रात्रींची ख्यातीही त्याच्या फटक्यांइतकीच दूरवर पसरलेली. १९२५ च्या एप्रिलमध्ये तो आजारी पडून कोसळला, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि १ जूनला तो मैदानावर परतला. परंतु जीवनक्रम काही पालटला नाही. आदल्या वर्षी ४६ होमरन मारणाऱ्या या पुरुषाच्या नावावर त्या हंगामाच्या अखेरीस अवघे २५ होमरन लागले, आणि आठ संघांच्या स्पर्धेत यांकीज सातव्या स्थानावर घसरले.

संघाचा व्यवस्थापक मिलर हगिन्स हा ठेंगण्या बांध्याचा, कायद्याची पदवी घेतलेला गृहस्थ. २९ ऑगस्ट रोजी सेंट लुईस येथे रूथ उशिरा दाखल झाला, तेव्हा हगिन्सने त्याला ५,००० डॉलर दंड फर्मावला आणि बेमुदत निलंबित केले. रूथचे वार्षिक वेतन ५२,००० डॉलर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दंडाचा भार कळतो. संतप्त रूथने न्यूयॉर्क गाठून संघाचे मालक जेकब रूपर्ट यांच्याकडे आपली कैफियत मांडली. पण रूपर्ट यांनी आपल्या कारभाऱ्याचा हुकूम कायम ठेवला. रूथला क्षमा मागावी लागली, आणि ७ सप्टेंबरला तो पुन्हा रुजू झाला. त्या हिवाळ्यात त्याने व्यायामशाळेत शरीर घडवले. १९२६ मध्ये ४७, आणि १९२७ मध्ये ६० होमरन मारून त्याने जो विक्रम केला, तो तीन दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला.

हगिन्सच्या निर्णयाला मी न्याय्य म्हणतो ते या यशामुळे नव्हे. यश आले नसते तरी तो न्याय्यच ठरला असता. रात्रींचा परिणाम मैदानावर दिसत होता, त्याची झळ सहकाऱ्यांना लागत होती, आणि शिक्षा झाली ती संघातील सर्वांत मोठ्या माणसाला.

१९५७ च्या मे महिन्यात याच संघाचे काही खेळाडू आपला सहकारी बिली मार्टिन याच्या वाढदिवसानिमित्त न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या नाइट क्लबमध्ये जमले असता तेथे मारामारी झाली. सहा खेळाडूंना दंड झाला. त्यांपैकी हँक बावरवर मारहाणीचा आरोप आला, पण तो पुढे चौकशीत फेटाळला गेला. तथापि महिनाभरातच, १५ जून रोजी, एकट्या मार्टिनची रवानगी कॅन्सस सिटीच्या संघात करण्यात आली. मिकी मँटलवर त्याच्या संगतीचा दुष्परिणाम होतो, असे संघाच्या चालकांचे मत होते. आणि मँटल हा तर संघाचा आधारस्तंभ. एकाच रात्रीच्या एकाच प्रसंगासाठी, ज्याच्यावाचून चालण्यासारखे होते त्याने संघ गमवावा, आणि ज्याच्यावाचून चालणार नव्हते त्याने केवळ दंड भरून सुटावे, याला शिस्त म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, खेळ उत्तम होत असेल तर रात्रीची चर्चाच कशाला? क्रिकेटरसिक गारफील्ड सोबर्सचे उदाहरण देतील. रात्र जागून काढून १९७३ मध्ये लॉर्ड्सवर उतरलेल्या सोबर्सने नाबाद १५० धावा केल्या, आणि वेस्ट इंडीजने तो कसोटी सामना एक डाव व २२६ धावांनी जिंकला. परंतु अलौकिक पुरुषाच्या एका दिवसावरून सर्वसामान्य नियम काढता येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणावर राहावयास सांगितले असता त्यांची फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. जागरणाची किंमत द्यावी लागतेच. असामान्य खेळाडूच्या बाबतीत ती फार काळ दृष्टीस पडत नाही, इतकेच.

मँटलचे जीवन याचीच साक्ष देते. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि बॅट चालत असल्यामुळे त्याच्या मद्यपानाचा प्रश्न कोणी फारसा ऐरणीवर आणला नाही. वडील अकाली वारल्यामुळे आपणही अल्पायुषी ठरणार, अशी भीती त्याच्या मनात होती. १९९४ मध्ये त्याने व्यसनमुक्तीसाठी उपचार घेतले, १९९५ च्या जूनमध्ये त्याच्यावर यकृताचे प्रत्यारोपण झाले आणि ऑगस्टमध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, तो मरण पावला. माझ्यासारखे होऊ नका, असे त्याने मृत्यूपूर्वी जाहीरपणे लोकांना विनवले होते.

तेव्हा माझे मत असे की, खेळाडू सराव आणि सामना यांसाठी वेळेवर व समर्थ स्थितीत हजर राहील, एवढीच अपेक्षा करण्याचा संघाला हक्क आहे; जोवर ती पुरी होते आणि कोणाला इजा पोहोचत नाही, तोवर त्याचा सायंकाळचा आनंद, त्याची संगत आणि त्याची करमणूक ही सर्वस्वी त्याची आहेत, आणि त्यांच्यावर पाळत ठेवणे हे त्याच्या माणूसपणाला उणेपणा आणणारे आहे. नियम असावेत ते हंगामापूर्वी जाहीर केलेले. पराभवानंतर शोधून काढलेले नसावेत. आणि त्यांचा अंमल हगिन्सप्रमाणे थोरापासून सुरू व्हावा. मात्र ज्या दिवशी रात्रीची हौस व्यसनाचे रूप घेते, त्या दिवशी अधिकाराचा प्रश्न मागे पडून कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या पराक्रमावर संघाने कीर्ती आणि द्रव्य मिळवले, त्याच्या धावा चालू आहेत म्हणून त्याच्या आजाराकडे डोळेझाक करण्याचा अधिकार कोणताही करारनामा संघाला देऊ शकत नाही.

दुखापत लपवून खेळणारा खेळाडू आणि ती लपवू देणारा संघ यांचा विचार पुढील लेखांकात करू.