टाकीवर जावा, खाली येझदी

अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यात जुनी मोटारसायकल सापडते ती बहुधा वाडीतल्या पडवीत. वर झावळ्या, बाजूला पंपाचे पाइप, सीटवर कोंबडीचं बिऱ्हाड. मालक ठामपणे सांगतो, “आजोबांची जावा, साठच्या दशकातली.” टाकीवर जावाचं नाव असतंही. पण जाणता मेस्त्री टाकीकडे बघत नाही. तो उकिडवा बसतो आणि इंजिनावरची माती खरवडायला लागतो.

याला कारण इथली हवा. चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारं वारं. पत्रा टिकत नाही. आधी सायलेन्सर सडतो, मग मडगार्ड, मग टाकीचा तळ, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी होऊन खाली बसतं. म्हणजे गाडीचं नाव मिरवणारा भागच बहुतेक वेळा बदललेला असतो. ओतीव भाग मात्र राहतात. क्रँककेस, हेड, हब यांच्यावर पांढरी भुकटी चढते, पण आकार जात नाही. किनाऱ्यावरची गाडी ओळखायची ती या ओतकामावरून, खालून वर.

घराणं ओळखणं सोपं. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, आणि डावीकडची एकच दांडी आत दाबून फिरवली की किक, नाहीतर गिअर, असं दिसलं की ती जावाच. मुंबईच्या रुस्तम आणि फारोख इराणींनी म्हैसूरला आयडियल जावा काढली, 1961 मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. गिअर उजव्या पायाला आणि गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असेल तर मद्रासची बुलेट, 1955 पासूनची. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएलवरून उतरलेली; तिचं बुटकं भावंड जीटीएस 1973 च्या ‘बॉबी’मुळे सगळ्यांना माहीत.

खरी डोकेदुखी घराण्याच्या आत आहे. 1973 च्या सुमारास जावाची येझदी झाली, पण बदललं ते मुख्यतः नाव. जावाच्या ‘बी टाइप’ मॉडेलचा साचा तसाच पुढे चालू राहिला. त्यामुळे जावाचं हेड येझदीला, येझदीची टाकी जावाला विनातक्रार बसते, आणि तीस-चाळीस वर्षांत ती बसवलेलीही असते. नंतरच्या गाड्यांचे भाग चढवले असतील तर मात्र गाडी चुगली करते. जुन्या जावाची चाकं 16 इंची, नंतरच्या येझदी रोडकिंगची 18. मोठं चाक कोंबलं की मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट बिघडते. सवयीच्या डोळ्याला ते दहा फुटांवरून कळतं.

दुसरी परीक्षा पान्याची. बुलेटचं मूळ इंग्लंडमधल्या रेडिचचं, तिचे जुने आटे इंची हिशेबातले. जावा चेक वळणाची, तिला मिलिमीटरचे पाने. तेव्हा जावाच्या इंजिनावर एखाद्या बोल्टला मिलिमीटरचा कुठलाच पाना नीट बसत नसेल, तर तिथे आधी कुणीतरी आटे पाडून हाताला लागेल तो बोल्ट मारलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या बीएसए आणि मॅचलेस गाड्याही देशभर पसरल्या. त्यांच्या बाबतीत पुढचा फोर्क बघायचा. बीएसए एम20 ला स्प्रिंगवाला गर्डर फोर्क, मॅचलेस जी3एलला तेलाचा टेलिस्कोपिक. आणि इथे एक गंमत आहे. लष्करी एम20 च्या इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर कारखान्यातून निघतानाच वेगवेगळा असे. लष्करी डेपोत दुरुस्तीच्या वेळी इंजिनं अदलाबदल होत ते निराळंच. ‘मॅचिंग नंबर’ हवेत म्हणून अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवताना मेस्त्रीचा जीव मेटाकुटीला येतो. दोन्ही नंबर हुबेहूब जुळणारी एम20 दिसली तर संशय घ्यावा.

कागदही बोलतात. नोंदणीच्या पुस्तकावर ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर नोंद 1 जानेवारी 1981 च्या आधीची, कारण त्या दिवशी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. एमएच-06 हा नंबर असेल तर तो 1989 च्या नव्या पद्धतीनंतर मिळालेला. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद पुस्तकात हवी, आणि भंगारातून घेतलेल्या इंजिनाची पावती हवीच. ती नसेल तर इंजिन कितीही गोड वाजो, हात लावू नये. फ्रेमवरचा नंबर शोधताना रॉकेल, चिंधी आणि धीर एवढंच वापरायचं. ग्राइंडर फिरवला की ठसा पुसट होतो आणि प्रामाणिक गाडीसुद्धा चोरीची दिसायला लागते.

मग खोलायला घ्यायची. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये लोखंडी स्क्रू, मध्ये खारा ओलावा, आणि वर वर्षानुवर्षांचा मुक्काम. दोन धातू एकमेकांना असे धरून बसतात की जोर लावला तर स्क्रूचं डोकं तरी तुटतं नाहीतर कव्हरचा कान. डिझेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी कव्हर गरम करायचं, स्क्रूच्या डोक्यावर हलका ठोका, मग आधी किंचित आवळायचा आणि नंतर सोडायचा. अर्धा दिवस यात गेला तर तो सत्कारणी लागला.

हेड काढलं की पिस्टनचा माथा पुसून घ्यावा. जावाचा मूळ बोअर 65 मिलिमीटर. माथ्यावर जास्तीचं माप ठोकलेलं असेल तर सिलिंडर आधी बोअर झालेला आहे, आणि आणखी किती कापता येईल ते त्यावरूनच ठरतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधून जातं, त्यामुळे सील गेलं की गाडी हवा ओढते. शिवाय बंद गाडीच्या क्रँककेसमध्ये दमट हवा शिरून बेअरिंग गंजतात. क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड घालायचा आणि पुन्हा सरळ रेषेत आणायचा, हे काम लेथवाल्याच्या हाताचं. तिथे घासाघीस करू नये.

नसलेल्या भागांसाठी पायपीट असते. मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. नव्याने करून घ्यायचं असेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर. 2018 मध्ये परत आलेल्या नव्या जावाचा इथे काही उपयोग नाही, ती पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक आहे. चेनचं पूर्ण झाकण मात्र शोधून बसवाच. लोक ते काढून फेकतात, पण जुन्या जावाचं हे बंद झाकण जणू किनाऱ्यासाठीच केल्यासारखं आहे.

सगळं मूळचं करायचं का? माझं मत विचाराल तर नाही. गावातल्या लोहाराने पन्नास वर्षांपूर्वी पट्टीतून घडवलेला फुटरेस्ट अजून भार घेत असेल तर तो काढून दिल्लीहून चकचकीत नकली आणण्यात मला राम वाटत नाही. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांत मात्र तडजोड नको.

सरकारचं मत वेगळं आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि अशी गाडी रोज चालवायची नाही. रेवदंड्याच्या बाजारात जाऊन मासळी आणायची असेल त्याला हे काय कामाचं? तो पेणच्या आरटीओ कार्यालयात नोंदणीचं नेहमीचं नूतनीकरण करून घेतो, पाच वर्षांसाठी. तिथे चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडतात. म्हणून गाडी रंगवायला देतानाच रंगाऱ्याला बजावायचं, हँडलच्या नळीवर नंबर आहे तिथे लांबी भरू नकोस आणि रंगाचा एकच पातळ हात मार.